अपराधी माणसाची भीती पडद्यावर कशी उभी करावी : फिल्म न्वारच्या रीतीने एका दृश्याची बांधणी

लघुपट करणाऱ्या मंडळींना हल्ली ‘न्वार लूक’ हवा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ चित्र कृष्णधवल करणे, खोलीत धूर सोडणे आणि पात्राच्या तोंडी सिगारेट देणे एवढाच घेतला जातो. असे दृश्य न्वारसारखे दिसते खरे, पण ते पाहताना कोणाला भीती वाटत नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांतील ज्या अमेरिकी गुन्हेपटांना आज आपण फिल्म न्वार म्हणतो, त्यांतील अंधार एका हिशेबातून आला होता : पात्राला काय ठाऊक आहे, प्रेक्षकाला काय ठाऊक आहे आणि दोघांपासूनही काय लपवायचे आहे. हा लेख त्या हिशेबापासून सुरू होतो आणि पुढे जागा, दिवा, चौकट (फ्रेम), ध्वनी व संकलन या क्रमाने चार-पाच मिनिटांचे एक दृश्य बांधत नेतो. साधने बेताची लागतील : एक खोली, दोन नट, दोन दिवे, काळे कापड आणि उजेड किती घ्यायचा हे आपल्याला ठरवू देणारा कोणताही कॅमेरा. तो मोबाइलचा असला तरी चालेल.

उदाहरणासाठी एक परिस्थिती घेऊ. गिरगावातील जुन्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, एका पतसंस्थेचा रोखपाल एकटा राहतो. ठेवीदारांच्या पैशांची त्याने अफरातफर केली आहे. रात्री उशिरा लाकडी जिन्यावरून कोणीतरी वर येत आहे. दृश्य एवढेच आहे.

पहिली पायरी : पात्र कशाला भिते ते लिहून काढावे

भूतपटातील भीती बाहेरून घरात शिरते, तर न्वारमधील भीतीचे मूळ बहुधा पात्राच्या स्वतःच्या कृत्यात असते. रॉबर्ट सिओडमॅक यांच्या ‘द किलर्स’ (१९४६) या चित्रपटाच्या आरंभी दोन भाडोत्री मारेकरी एका लहान गावातील खाणावळीत येऊन ‘स्वीड’ नावाच्या माणसाची चौकशी करतात. एक तरुण धावत जाऊन स्वीडला सावध करतो. बर्ट लँकेस्टरने आपल्या या पहिल्याच चित्रपटात साकारलेला स्वीड मात्र अंधाऱ्या खोलीत पलंगावर पडून राहतो, पळत नाही, आणि आपण पूर्वी एकदा काहीतरी चुकीचे केले होते एवढेच सांगतो. हे चुकीचे काय, याचा शोध पुढे सबंध चित्रपट घेतो. दृश्याची पकड नेमकी इथे आहे, कारण मारेकऱ्यांहून अधिक अस्वस्थ करते ती त्या माणसाने मनाशी आधीच दिलेली कबुली.

म्हणून पटकथेचे पहिले पान लिहिण्यापूर्वी तीन वाक्ये लिहावीत : पात्राने काय केले, ते कोणाला कळले तर सर्वांत वाईट होईल, आणि आज रात्रीच ते कळण्याची शक्यता का आहे. आपल्या रोखपालाच्या बाबतीत तिसरे वाक्य असे असू शकेल की, लेखापरीक्षण उद्या सकाळी सुरू होणार आहे आणि वह्या अजून त्याच्या घरातच आहेत. ही वाक्ये संवादांत येऊ नयेत. ती दिग्दर्शकाला आणि नटाला ठाऊक असावीत, एवढे पुरे.

दुसरी पायरी : कोणाला काय ठाऊक, याची वाटणी करावी

इथे दोन मार्ग आहेत आणि ते एकाच दृश्यात सहसा एकत्र करू नयेत. पहिल्या मार्गात प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक ठाऊक असते. जिना चढणारा माणूस कोण आहे हे आपण आधीच दाखवतो आणि रोखपाल मात्र निवांत जेवत असतो. दुसऱ्या मार्गात प्रेक्षकाला पात्राइतकेच, म्हणजे फक्त पावलांचा आवाज, ठाऊक असते. ‘द किलर्स’ने पहिला मार्ग घेतला आहे, कारण मारेकऱ्यांना आपण खाणावळीत पाहिलेले असते.

बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’त (१९४४) या वाटणीचा याहून धूर्त वापर आहे. नायक आपला गुन्हा सुरुवातीलाच ध्वनिमुद्रण यंत्रात कबूल करतो, त्यामुळे तो फसणार हे आपल्याला ठाऊक असते. तरीही खुनानंतर पळून जाण्याच्या क्षणी मोटार सुरू होत नाही तेव्हा प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागतो, आणि तोही खुन्यांसाठी. प्रेक्षकाला अपराध्याच्या बाजूला आणून बसवणे हे न्वारचे खास कौशल्य आहे आणि माझ्या मते ते अंधाऱ्या चौकटींपेक्षा कितीतरी अवघड आहे. त्यासाठीचा व्यावहारिक उपाय म्हणजे पात्राला एखादे लहान, हातांनी करायचे काम द्यावे आणि त्या कामात अडथळा आणावा. रोखपाल वह्या माळ्यावर लपवू पाहतो आहे आणि माळ्याची फळी अडकली आहे. प्रेक्षकाला त्याच्या अफरातफरीचा राग असला तरी ती फळी सरकावी असे त्याला वाटू लागते.

तिसरी पायरी : जागा निवडावी

न्वारमधील जागेला बाहेर पडण्याची वाट एकच असते, आणि ती वाट ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच जाते. जिना, बोळ, लांब गॅलरी, पोटमाळा या जागा त्यामुळे उपयोगी पडतात. अमेरिकी चित्रपटांत खिडक्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून येणाऱ्या आडव्या सावल्या इतक्या वेळा दिसतात की आपल्याकडेही तसे पडदे आणून टांगण्याचा मोह होतो. तो टाळावा. चाळीच्या खिडकीला गज असतात, जिन्याला लाकडी कठडा असतो, झरोक्याला जाळी असते आणि गॅलरीतील दिवा रात्रभर जळत असतो. यांच्या सावल्या त्या घरातल्याच असल्यामुळे प्रेक्षकाला त्या मुद्दाम पाडल्यासारख्या वाटत नाहीत.

जागा रात्री, चित्रीकरणाच्या वेळीच जाऊन पाहावी आणि तिथे दहा मिनिटे काही न बोलता बसावे. कोणता उजेड कुठून येतो आणि कोणता आवाज किती अंतरावरून ऐकू येतो, याची टिपणे पुढे कामाला येतात.

चौथी पायरी : प्रकाश

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा. तिचा अभ्यास करण्यासाठी निकोलस मुसुराका या छायालेखकाचे काम पाहण्यासारखा दुसरा मार्ग मला ठाऊक नाही. मूळचे इटलीचे असलेले मुसुराका आरकेओ या स्टुडिओत काम करीत. निर्माता व्हाल ल्यूटन आणि दिग्दर्शक जॅक टूर्नर यांच्यासाठी त्यांनी ‘कॅट पीपल’ (१९४२) हा, आपण श्वापद बनू अशी भीती बाळगणाऱ्या स्त्रीचा भयपट चित्रित केला आणि त्याच टूर्नर यांच्याबरोबर ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) हा न्वारमधील अव्वल दर्जाचा चित्रपट केला. भयपटाची आणि गुन्हेपटाची प्रकाशयोजना एकाच हातून कशी आली, हे या जोडीत स्पष्ट दिसते. ल्यूटन यांच्या चित्रपटांना खर्चाची मर्यादा दीड लाख डॉलरची होती आणि ‘कॅट पीपल’साठी इतर चित्रपटांचे उरलेले सेट वापरावे लागले. श्वापद पूर्णपणे दाखवायचे नाही हा निर्णय कलेचा होता, पण खर्चही त्याच्या बाजूचा होता. स्टुडिओच्या आग्रहामुळे एका प्रसंगात काळा बिबट्या दाखवावा लागला, तरी चित्रपटातील सर्वांत भीतिदायक प्रसंग तो नाही. तो मान रात्रीच्या पोहण्याच्या तलावाला जातो. तिथे पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड भिंतींवर हलत राहतो, कुठेतरी एक सावली सरकते, एक गुरगुर ऐकू येते आणि पाण्यात एकटी असलेली स्त्री गोल गोल फिरत पाहत राहते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. न्वारला रेखीव कडांच्या सावल्या लागतात आणि सावलीची कड प्रकाशस्रोताच्या आकारावर अवलंबून असते. स्रोत जितका लहान आणि दूर, तितकी कड धारदार. मोठे, दुधी एलईडी पॅनेल त्यामुळे इथे निरुपयोगी आहे. भाड्याने मिळणारा फ्रेनेल दिवा (पुढे भिंग असलेला दिवा) घ्यावा, किंवा तोही परवडत नसेल तर दुधी आवरण नसलेला उघडा बल्ब वापरावा. गजांची सावली पुसट पडत असेल तर दिवा गजांपासून मागे न्यावा. दिवा मागे नेला की उजेड झपाट्याने कमी होतो, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. याचा हिशेब आधी करावा.

दुसरी गोष्ट चेहऱ्याच्या उजळ आणि काळोख्या बाजूंमधील फरकाची. नेहमीच्या घरगुती प्रसंगात उजळ बाजू काळोख्या बाजूच्या सुमारे दुप्पट प्रकाशित असते. न्वारसाठी हे प्रमाण आठास एक, म्हणजे तीन स्टॉपच्या फरकापर्यंत न्यावे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे). मीटर नसल्यास कॅमेऱ्यावर दोन्ही बाजू आळीपाळीने मोजून पाहाव्यात. आपल्या घरांत इथे एक ठराविक अडचण येते. भिंती पांढऱ्या असतात, खोली लहान असते आणि दिव्याचा उजेड चारही बाजूंनी उसळून काळोखी बाजूही उजळवून टाकतो. त्यासाठी चौकटीबाहेरच्या भिंतींवर काळे कापड लावावे, नटाला मागच्या भिंतीपासून शक्य तितके पुढे आणावे आणि भिंतीवर सांडणारा उजेड कटर, म्हणजे दिव्यापुढे धरायची काळी पाटी, लावून अडवावा. थर्माकोल गाडीतच राहू द्यावा. सवयीने कोणीतरी तो नटाच्या अंगावर उजेड टाकण्यासाठी आणून धरतोच.

तिसरी गोष्ट बरेच नवे छायालेखक विसरतात : अंधार दिसण्यासाठी त्यात कुठेतरी उजेड असावा लागतो. सबंध काळी चौकट ही केवळ काळी चौकट असते. दाराच्या फटीखालची उजेडाची रेघ, मागच्या भिंतीवरील तसबिरीच्या काचेवरची चमक, खुर्चीची एक कड, एवढ्याने काळोखाला खोली येते. त्या फटीतील रेघेवर कोणाची तरी पावले उभी राहिली की बाकी काही दाखवण्याची गरज उरत नाही. ‘कॅट पीपल’मध्ये आराखडे काढण्याच्या कचेरीचा प्रसंग आहे. तिथे उजेड येतो तो काचेच्या टेबलांच्या खालून, त्यामुळे माणसांचे चेहरे उलट्या बाजूने उजळतात आणि खोलीचे कोपरे काळे राहतात. असा उजेड त्या जागी असण्याला कारण आहे, म्हणूनच तो पटतो. रोखपालाच्या खोलीत हेच काम जमिनीवर ठेवलेला टेबललँप करू शकतो, कारण वह्या खाली पसरलेल्या आहेत.

कॅमेऱ्याची उजेडाची स्वयंचलित मोजणी बंद करावी, नाहीतर कॅमेरा काळोख दिसताच तो उजळवू पाहील आणि चित्रात रवाळपणा येईल. चेहऱ्याच्या उजळ भागावर मोजणी करून तिथेच ती बांधून ठेवावी आणि काळोख जसा पडेल तसा पडू द्यावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० सेकंद ठेवल्यास घरगुती दिव्यांची लपलप सहसा चित्रात येत नाही.

या पद्धतीचा आपल्या मुंबईशी असलेला धागाही सांगायला हवा. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करणारे जर्मन छायालेखक योसेफ विर्शिंग यांनी कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) चित्रित केला. ओस वाड्यातील जिने, झुंबरे आणि अर्धवट उजळलेले चेहरे पाहताना, अमेरिकी न्वारने जर्मन चित्रपटांकडून घेतलेला वारसा आपल्याकडे अमेरिकेला वळसा न घालता थेटही आला होता, हे ध्यानात येते.

पाचवी पायरी : चौकट आणि हालचाल

चौकटीतील रिकामी जागा धोक्याच्या बाजूला ठेवावी. रोखपाल चौकटीच्या एका कडेला, त्याची पाठ दाराकडे आणि दार मागे दूरवर पण स्पष्ट दिसणारे, अशी रचना केली की प्रेक्षक नटाकडे न पाहता दाराकडे पाहू लागतो. यासाठी रुंद कोनाची लेन्स आणि अधिक खोलीपर्यंत स्पष्टता हवी. पार्श्वभूमी धूसर करण्याची आजची आवड इथे हानिकारक आहे, कारण धूसर दाराची भीती वाटत नाही. कॅमेरा तिरका धरण्याचा प्रयोग एकदाच, आणि कारण असेल तरच करावा.

‘डबल इन्डेम्निटी’मध्ये चौकटीच्या रचनेसाठी वास्तवालाही बगल दिली आहे. नायकाच्या घराचे दार बाहेर, बोळाच्या दिशेने उघडते, आणि चौकशी करणारा सहकारी बाहेर पडत असताना गुन्ह्यातील साथीदार स्त्री त्या उघड्या दारामागे लपते. अशी दारे सहसा आत उघडतात, पण तसे दार असते तर तिघांना एका चौकटीत ठेवता आले नसते. हा प्रसंग पाहताना दाराची दिशा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हिंसा चौकटीबाहेर ठेवावी. त्या काळी अमेरिकेत १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या निर्मितीसंहितेमुळे, म्हणजे पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमावलीमुळे, खुनाचा तपशील दाखवता येत नसे. ‘डबल इन्डेम्निटी’त मोटारीत नवऱ्याचा गळा आवळला जात असताना कॅमेरा गाडी चालवणाऱ्या पत्नीच्या चेहऱ्यावरून हलत नाही. ‘आउट ऑफ द पास्ट’मध्ये दोन पुरुषांच्या मारामारीच्या वेळी त्यांच्या सावल्या पाहणाऱ्या स्त्रीच्या चेहऱ्यावरून सरकतात. चेहऱ्यावरील भाव मारामारीपेक्षा अधिक काही सांगून जातात. बंधन नसतानाही ही रीत पाळावी.

सहावी पायरी : ध्वनी

माझ्या मते भीतीचा अर्ध्याहून अधिक भार ध्वनीवर असतो, आणि लघुपटांत सर्वांत कमी काळजी त्याचीच घेतली जाते. फ्रिट्झ लाँग यांच्या ‘एम’ (१९३१) या पहिल्याच बोलपटात खुनी माणूस संगीतकार ग्रीग यांची एक धून शिट्टीवर वाजवतो. काही वेळाने ती शिट्टी ऐकू आली की खुनी दिसण्याची गरज राहत नाही. हरवलेल्या मुलीच्या आईची हाक रिकाम्या जिन्यात घुमते आणि आपण पाहतो ती फक्त जेवणाची न हललेली ताटली.

‘कॅट पीपल’मधील दुसरा प्रसिद्ध प्रसंग तर पायरीपायरीने शिकण्यासारखा आहे. रात्रीच्या वेळी एक स्त्री उद्यानाच्या भिंतीलगत चालली आहे आणि दुसरी तिच्या मागे आहे. दोघींच्या टाचांचा आवाज, रस्त्यावरील दिव्यांचे उजेडाचे ठिपके आणि मधला अंधार यांची एक लय बसते. मग मागचा आवाज थांबतो. पुढची स्त्री घाबरून वेग वाढवते, आणि एकाएकी चौकटीच्या कडेने एक बस ब्रेकच्या फुत्कारासह शिरते. तो आवाज क्षणभर श्वापदाचाच वाटतो. ल्यूटन यांच्या गटाने ही युक्ती पुढे अनेकदा वापरली आणि अशा जागांना ते ‘बस’च म्हणत. तिची घटकतत्त्वे तीन आहेत : आधी लय, मग लयीचा भंग आणि शांतता, आणि शेवटी निरुपद्रवी गोष्टीचा मोठा आवाज, तोही अनपेक्षित दिशेने. आजचे भयपट पहिले दोन भाग गाळून तिसराच वारंवार वापरतात, त्यामुळे प्रेक्षक दचकतो पण घाबरत नाही.

आपल्या दृश्यात जिन्यावरील पावले मोजून ध्वनिमुद्रित करावीत. लाकडी पायऱ्यांपैकी एक करकरते, हे दृश्याच्या आरंभी रोखपाल स्वतः वर येतानाच प्रेक्षकाला ऐकवावे. पुढे तीच पायरी पुन्हा करकरली की येणारा माणूस किती जवळ आला ते आपोआप कळते. त्यानंतर पावले थांबवावीत, शांतता सोसवेल त्याहून थोडी लांबवावी, आणि मग चाळीचा पाण्याचा पंप धडधडत सुरू व्हावा. शांतता म्हणजे ध्वनिपट्टी रिकामी सोडणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चित्रीकरणाच्या खोलीतील काही न घडतानाचा आवाज किमान एक मिनिट वेगळा मुद्रित करून ठेवावा आणि शांततेखाली तो पसरावा.

ध्वनी पूर्णपणे काढून टाकण्याचा एक विलक्षण नमुना ‘द बिग कॉम्बो’त (१९५५) आहे. छायालेखक जॉन आल्टन यांच्या काळ्याभोर चौकटींसाठी हा चित्रपट ओळखला जातो. त्यात एका ऐकू न येणाऱ्या गुंडाला मारण्यापूर्वी त्याच्या कानातील श्रवणयंत्र काढून घेतले जाते, आणि पुढचा गोळीबार आपण त्याच्या कानांनी, म्हणजे काहीही न ऐकता, पाहतो.

अंतराचा उपयोगही करावा. ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या सुरुवातीच्या ओळी दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून आपण गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आलो होतो, असे लता मंगेशकर सांगत असत. संगणकावर आवाज लहानमोठा करण्यापेक्षा नटाला खरोखरच दोन मजले खाली उभे करून हाक मारायला लावणे आजही अधिक परिणामकारक ठरते. पार्श्वसंगीत शक्यतो टाळावे.

सातवी पायरी : अभिनय आणि संकलन

नटाला घाबरण्याचा अभिनय करू देऊ नये. ऐकण्याचा अभिनय करायला सांगावा. स्वीड पलंगावर पडून दाराकडे पाहतो तेव्हा त्याचा चेहरा जवळजवळ हलत नाही. संकलनात आवाज करणाऱ्यापेक्षा आवाज ऐकणाऱ्यावर अधिक वेळ थांबावे. जिन्यावरील पावलांचे चित्र घेतले असेल तरी ते आधी वगळून पाहावे, आणि दृश्य त्याशिवाय कळत असेल तर वगळलेलेच ठेवावे. पावले जवळ येतात तसे कट अधिक वेगाने करण्याची रूढी आहे. तिच्या उलट, शेवटचा शॉट सर्वांत लांब ठेवून पाहावा.

आठवी पायरी : हेच दृश्य दिवसा करून पाहावे

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी ही परीक्षा आहे. अभिनेत्री-दिग्दर्शिका आयडा लुपिनो यांचा ‘द हिच-हायकर’ (१९५३) मुसुराका यांनीच चित्रित केला आहे, आणि त्याचा मोठा भाग वाळवंटातील रखरखीत उन्हात घडतो. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एका अनोळखी माणसाला मोटारीत घेतात आणि तो खुनी निघतो. त्याची ओळख होते ती मागच्या आसनावरील काळोखातून, आणि तिथवर ही न्वारची परिचित रीत आहे. पुढे मात्र लपायला सावलीच उरत नाही. खुन्याच्या एका डोळ्याची पापणी मिटत नाही, त्यामुळे रात्री तो झोपला आहे की पाहतो आहे हे त्या दोघांना कळत नाही. माहितीची तीच वाटणी इथे एका पापणीवर उभी केली आहे. आपल्या रोखपालाचे दृश्य दुपारी, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांमागून येणाऱ्या पावलांसह चित्रित करावे. ते रात्रीच्या दृश्याइतके परिणामकारक ठरले नाही, तर दोष दिव्यांत न शोधता दुसऱ्या पायरीवर परत जावे.

शेवटची तपासणी

दृश्य प्रथम आवाज बंद करून आणि मग डोळे मिटून, केवळ ऐकून तपासावे. दोन्ही वेळा कोणीतरी येत आहे हे कळले पाहिजे. त्यानंतर कथा ठाऊक नसलेल्या तीन-चार जणांना ते दाखवावे आणि ‘कसे वाटले?’ असे न विचारता ‘कोण येत होते, आणि त्या माणसाने काय केले असेल?’ असे विचारावे. उत्तरे वेगवेगळी आली तरी चालतील, परंतु त्याने काहीतरी केले आहे याविषयी सर्वांचे एकमत असावे. आणि प्रश्न विचारण्याआधीच कोणी गजांच्या सावल्यांचे कौतुक केले, तर तो दिवा एक स्टॉप मंद करून ते शॉट पुन्हा घ्यावेत.